चाळीस प्लेटी आणि शेवड्यांचा संशय

विश्वनाथ शेवड्यांनी संशय घ्यायचा बाकी ठेवलेला माणूस अख्ख्या भोपाळमध्ये सापडला नसता. मूळचे उज्जैनचे. सरकारी कारखान्यात तीस वर्षं माल तपासण्याचं काम, अर्धं आयुष्य बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. तपासायची ती खोड घरातही शिरली. दूधवाल्याचं दूध, डॉक्टरचं निदान, काहीएक सुटायचं नाही. त्यांच्या पत्नी नलिनीकाकू म्हणायच्या, "अंतरपाट खाली करून यांनी मला दोनदा बघितलं होतं!" अहो, बघितलंच असेल.

निवृत्तीनंतर या खोडीनंच त्यांना काम मिळवून दिलं. तिकडे किनाऱ्यावर समुद्रात लांबलचक पूल होत होता. उंच मनोऱ्यांवरून तिरक्या केबली सोडायच्या आणि त्यांच्यावर रस्ता तोलायचा. केबलींची टोकं धरून ठेवणाऱ्या चाळीस जाड प्लेटी अयोध्या नगरजवळच्या विलासच्या शेडमध्ये बनत होत्या. विलास शेवड्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पण शेवड्यांच्या सहीशिवाय त्याचाही माल हलायचा नाही.

प्रत्येक प्लेटवर भट्टीचा नंबर ठोकलेला असतो. पोलाद कुठलं, हे त्यावरूनच कळतं. नंबर ठोकून झाला की वरून रंग. त्या मंगळवारी शेवड्यांनी एका नंबरावरून अंगठा फिरवला. कडा धारदार लागल्या आणि आत रंगाऐवजी लखलखीत पोलाद. दुसरी प्लेट, तिसरी... चाळीसच्या चाळीस तशाच!

शेवड्यांचं डोकं भणभणलं. नंबर रंगानंतर ठोकलेत, म्हणजे चांगलं पोलाद विकून हलकं आणून बसवलं, दुसरं काय! उद्या त्या रस्त्यावरून भरलेल्या बसगाड्या जायच्या.

"विलास, माल बदललास?"

"काका, काय बोलताय! मला काहीच माहीत नाही."

"चोराला कधी माहीत असतं का? पूलवाल्यांना रिपोर्ट पाठवतो. यापुढे तुला कुणी काम देणार नाही, बघ."

विलास पांढराफटक पडला. तेवढ्यात शेडमधला जुना कारागीर गोपीनाथ पुढे आला. नागपूरकडचा माणूस, बोलायला कमी.

"साहेब, मी ठोकले. तुम्हीच तं म्हटलं होतं मागच्या हप्त्यात, नंबर दिसून नाही राहिले, पुन्हा ठोका. जुन्या नंबरावरच ठोकले, जसेच्या तसे."

"मी म्हणालो?"

म्हणाले होते. चांगले ओरडले होते.

"तुला जुने नंबर दिसत होते?"

"साफ दिसत होते साहेब."

थापा मारतोय! शेवड्यांनी भिंतीशी टेकवलेल्या दुसऱ्या कामाच्या प्लेटीकडे बोट केलं. "वाच बरं तिथून." गोपीनाथनं भराभर आठही आकडे वाचले. शेवडे जवळ गेले. चष्मा पुसला. आणखी जवळ गेले. आकड्यांच्या जागी नुसता धूर होता. मटकन स्टुलावरच बसले. साऱ्या जगाचा संशय घेतला, पण स्वतःच्या डोळ्यांचा कधी घेतला नाही. आणि या डोळ्यांनी आजवर काय काय पास केलं असेल!

आता? जुने नंबर मोडले होते, पोलाद तेच होतं याला गोपीनाथच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. 'कारागिरानं न विचारता ठोकले' एवढं लिहिलं की गोपीनाथ घरी आणि शेवडे सलामत. लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं.

शेवड्यांनी कागद ओढला. बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद विलासपुढे धरला.

"वाच मोठ्यानं. ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतायत मला."

विलास वाचू लागला. "नंबर माझ्या हुकमावरून पुन्हा ठोकले. चूक माझी, कारागिराची नाही. प्रत्येक प्लेटीचा तुकडा कापून पोलाद नव्यानं तपासावं, तोवर माल हलवू नये. मला नीट दिसत नाही. यापुढे तपासणीला दुसरा माणूस..." विलासनं कागदावरून मान वर केली.

"थांबू नकोस. एवढंच आहे? गाळत तर नाहीस काही?"

"नाही हो काका."

शेवड्यांनी गोपीनाथलाही तोच कागद वाचायला लावला. दोन्ही वाचनं जुळली, तरी मनातली पाल चुकचुकतच राहिली.

"सही कुठे करायची, बोट ठेव," ते म्हणाले.

विलासनं त्यांचा हात धरून पेन टेकवलं, आणि शेवड्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर सही केली.