कण्हेरीवरचे सात सुरवंट

नेद्याल्काने तीस वर्षं गावच्या बेकरीत पाव भाजले. पहाटे चारला कामावर हजर व्हायचं. तेव्हा बेकरीच्या मागच्या दाराशी, दिव्याखालच्या पांढऱ्या भिंतीवर पतंग बसलेले असायचे. पिठाचे हात मागे धरून ती ते बघत उभी राहायची. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःच्या सज्जात चादर टांगली, वर दिवा लावला आणि दिसेल तो पतंग वहीत उतरवू लागली.

"वहिनी, आज किडे वाळत घातलेत वाटतं!" शेजारी राहणारा तिचा दीर पेंचो कुंपणापलीकडून ओरडायचा.

"तुझ्यापेक्षा बरे. गप्प तरी बसतात."

लागोपाठ तीन उन्हाळे चादरीवर एक तळहाताएवढा पतंग आला. हिरवागार, मधूनच गुलाबी झाक असलेला. तो इथेच वाढतो असं तिने शहरातल्या संग्रहालयाला कळवलं. तिथल्या रालित्साबाईंचं उत्तर सभ्य होतं. तो दक्षिणेकडून भरकटत येतो, डोंगरातल्या गारठ्यात त्याची पिल्लावळ जगत नाही. आपला काही गैरसमज झाला असावा.

"गैरसमज!" नेद्याल्काने पत्र टेबलावर आपटलं आणि तडक अंगणात गेली. या पतंगाचे सुरवंट कण्हेरीच्या पानांवर वाढतात, म्हणून चीजच्या रिकाम्या डब्यांत लावलेल्या कण्हेरी तिने पान न् पान उलटून पाहिल्या. तिसऱ्या डब्यात सापडले. बोटाएवढे सात सुरवंट, प्रत्येकाच्या पाठीवर डोळ्यासारखे दोन निळे ठिपके.

तिने ते घरात आणले. रोज ताजी पानं घातली. सुरवंट तपकिरी पडून खाली उतरू लागले तेव्हा पाव भाजायच्या जुन्या साच्यात माती आणि पाचोळा पसरून दिला. सप्टेंबरात गारठा पडला. मग पीठ फुगवायला ठेवावं तसा साचा चुलीपासून हातभर अंतरावर ठेवून ती सारखी हात लावून ऊब बघू लागली. बाईने आयुष्यभर केलेलं काम तेच तर होतं.

कोश काळपट दिसू लागल्यावर तिने संग्रहालयात फोन केला. "या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

रालित्सा संध्याकाळच्या बसने आली आणि मुक्कामाला राहिली. पहाटे नेद्याल्काने तिला हलवून उठवलं. "चल पोरी, फुटतोय."

कोशातून ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला, काडीवर चढला आणि हळूहळू त्याचे पंख पसरत गेले. हिरवे, गुलाबी. रालित्सा गुडघ्यांवर बसून बघत होती.

"मावशी, चुकले मी," ती म्हणाली. "माझ्या देखत झालं नसतं तर मानलं नसतं."

"म्हणून तर बोलावलं."

सकाळपर्यंत स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं. पेंचो रात्रीच्या कपड्यांतच आला, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. "वहिनी, हे आपल्या अंगणातलं?"

"आपल्या नाही, माझ्या!" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

दुपारपर्यंत सातपैकी पाच निघाले. अंधार पडताच तिने ते सज्जातून सोडले.

हिवाळ्यात संग्रहालयाचं वार्षिक पुस्तक आलं. त्यात छापलं होतं: 'डोंगरात वाढ होत असल्याचं प्रथम सिद्ध केलं, नेद्याल्का कोलेवा, बेकरी कामगार.' तिने ती ओळ दुकानात मोठ्याने वाचली. मग पेंचो मागे उभा होता म्हणून पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने.