सासऱ्यांच्या रिव्हॉल्वरची किंमत

रोह्याला बंदुका दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. जुनी हत्यारं विकत घेण्याचाही परवाना त्यांच्याकडे आहे. कुठलंही हत्यार हातात आलं की ते रिकामं आहे ना, हे आधी स्वतः बघतात, मालकाला बघायला लावतात आणि मग पुन्हा बघतात. कोणी कंटाळला तर म्हणतात, "तीनदा बघितलं तर काय बिघडलं वो?"

सासरे गेल्यावर त्यांचं विलायती रिव्हॉल्वर विकायचं ठरलं. कागदपत्रं पुरी करून मी ते पेणहून या गृहस्थांकडे नेलं. त्यांनी खटका कानाशी धरून ऐकला, मुठीवरचे ओरखडे अंगठ्याने चाचपले. उजेडाकडे धरून नळीत बघताना त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, हे आता सोडणार नाहीत.

"तीस हजारांना तुम्हीच घ्या," मी म्हणालो.

त्यांनी रिव्हॉल्वर फडक्यावर ठेवलं. "नाय. सगळे भाग मूळचे हायत, त्यांच्यावरचे नंबर पण एकमेकांशी जुळतात. दीड लाखाच्या खाली देऊ नका."

"मग लाखाला घ्या. माझी खुशी."

"तुमची खुशी बायकोला विचारलीत का? वस्तू तिच्या वडलांची हाय."

त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता लिहून दिला.

त्याच्यामार्फत ते खरंच दीड लाखाला गेलं. पोह्याचे पापड घेऊन मी सांगायला गेलो, तर आकड्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

"घेणारा कसा हाय?" त्यांनी विचारलं. "नीट तेलपाणी करील ना त्याचं?"