दस्तरखानावरची रेल्वे

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरापासून लांब आलेली चार माणसं एका खोलीत ठेवा, त्यांना शुक्रवारची सुट्टी द्या आणि बिर्याणीला जरा उशीर होऊ द्या. संध्याकाळपर्यंत झाडू मारावा लागेल इतके किस्से साचतात! त्यात आम्ही पडलो विजेच्या हायस्पीड गाडीच्या कामावरचे. मक्का, जेद्दा, मदिना अशी ही गाडी पळते. तिच्या डोक्यावरची वायर सांभाळणं हे आमचं काम. वाळू बसली की धुवायची, ढिली पडली की ताणायची. लोकांना झपाट्याने त्यांच्या माणसांजवळ पोचवायचं आणि आपण जेद्दाच्या डेपोत बसायचं, असला आमचा धंदा!

*

आमच्यात सगळ्यात जुने इब्राहिमचाचा, हर्णैचे. नव्या गाडीवर बदली झाली तेव्हा त्यांनी मोठ्या ऐटीत गावी चाचीला फोन लावला. स्पीकर चालू, आम्ही सगळे कान देऊन.

"ना धूर, ना डिझेलचा वास. सगळी विजेवर चालते," चाचा म्हणाले.

"विजेवर? मग लाईट गेली तं?"

"इथं लाईट जात नाय गो."

मग चाची म्हणाली, "लाईटपन जात नाय? मग तुमाला गावची आठवण तरी कशान यायची!"

चाचांनी स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. बिर्याणी गार झाली तरी आत आले नाहीत.

*

माझी खाला, म्हणजे मावशी, आणि खालू श्रीवर्धनहून उमऱ्याच्या यात्रेला आले होते; मक्केहून मदिनेला मी त्यांना आमच्याच गाडीने नेलं. खाला पूर्वी एकदा बसने मदिनेला गेलेली, त्यामुळे तिची तयारी बसची! घावनांची चळत, सुकं मटण, उलटीसाठी लिंबू, वर प्लास्टिकच्या पिशव्या. "दिवसभराची वाट हाय," असं खालूंना दटावूनही झालं.

गाडी सुटली. खालाने आधी प्रवासाची दुआ सावकाश पढली. मग शेजारच्या मलेशियन बाईशी हातवारे करून नातवंडांची चौकशी झाली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण कितव्या नातवंडाला दात आलेत आणि कितव्याचे पडलेत, इथवर गाडी आली. मग तिने मांडीवर रुमाल पसरला, डबा काढला, खालूंच्या हातात घावन ठेवलं, आणि मदिना आली!

शेवटी आम्ही स्टेशनाबाहेर बाकावर बसून जेवलो. खाला फणकारली, "तिकीट पुरं घेतलान आन अर्ध्यावर उतरवलान!"

आम्ही हसलो. ती मात्र घावन मोडता मोडता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी गाडी आपल्या गावापास्न असती ना, तर तू दर जुम्याला माझ्याकडं जेवायला आला असतास."

मी आणखी एक घावन घेतलं.

*

चाचांचा साडू युसुफ रास तनुऱ्याला रिफायनरीत आहे. देशाचं ते टोक पूर्वेला आणि आम्ही पश्चिमेला. फोनवर नेहमी आम्हाला टोमणे, "तुमची गाडी तेल पीत नाय. आमच्या पोटावर पाय देता काय रे?"

एकदा ईदला तो गाडी हाकत आमच्याकडे यायला निघाला. वाटेत एसी बंद पडला, मग वाळूचं वादळ, मग टायर. दारात उभा राहिला तो भाजलेल्या पापडासारखा. चपला न काढता आत आला, पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि म्हणाला, "बाबांनो, रास तनुऱ्यापर्यंत वायर आणा. तेलाचं आम्ही बघून घेऊ!"

*

जेवण झालं की आमच्या दस्तरखानावर रेल्वे बांधली जाते. दस्तरखान म्हणजे काय, तर जमिनीवर पसरलेलं प्लास्टिक. त्यावर मटणाच्या हाडांची पटरी आणि लिंबाच्या फोडींची स्टेशनं. सिग्नलच्या कॉम्प्युटरवर काम करणारा पुण्याचा जोशी शाकाहारी, म्हणून त्याचं बांधकाम काकडीत चालतं. त्याची बायको-मुलं रियाधला, तेव्हा पहिली लाईन जेद्दा-रियाध. "देशाच्या इकॉनॉमीला गरज आहे," असं तो तोंड वर करून सांगतो!

चाचा ती पुढे रास तनुऱ्याला नेतात. आमच्यातला सगळ्यात तरुण समीर मात्र रियाधकडे बघतही नाही. तो मदिनेपासून सरळ उत्तरेला हाइलपर्यंत हाडं मांडतो. कारण त्याची बायको नसरीन हाइलच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि पाच वर्षांची झोया तिच्याजवळ असते. इकडे नसरीनला नर्सची जागा मिळत नाही, तिकडे समीरच्या कामाची वायरच नाही.

जोशी एकदा म्हणाला, "अरे, हाइलला पॅसेंजर किती मिळणार?"

"दोन आहेत," समीर म्हणाला.

*

सुट्टी जोडून मिळाली की समीर मोटारीने हाइल गाठतो. अख्खं वाळवंट तुडवून पोचतो आणि जेवता जेवता आडवा होतो. नसरीन फोनवर आम्हालाच सुनावते, "नवरा कसला, माहेरवाशीण आलीय माझ्याकडं! येते, खाते, झोपते, आन निघताना रडते."

समीर म्हणे रडत नाही. डोळ्यात वाळू जाते.

*

मागच्या सुट्टीत नसरीन आणि झोया जेद्दाला येऊन राहिल्या. परतताना ठरलं की मदिनेपर्यंत आपल्याच गाडीने जायचं. तिथून नसरीनच्या हॉस्पिटलातली मैत्रीण त्यांना मोटारीने हाइलला नेणार होती. समीरची रजा संपलेली, त्याला मदिनेहूनच मागे फिरायचं होतं. मला काम नव्हतं, मीही सोबत गेलो.

गाडी सुटल्यापासून समीरची बढाई सुरू! काचेला नाक लावून बसलेल्या झोयाला तो म्हणाला, "वो ऊपर तार देखा? अब्बा की है." थोड्या वेळाने, "वो खंबा देखा? अब्बा का." वाटेतलं राबिघ स्टेशन मागे पडेपर्यंत अर्धा सौदी अब्बाचा झाला होता. झोया समोरच्या अनोळखी शेखलाही सांगत होती, "माय फादर्स ट्रेन!" शेखने तिला खजूर दिला आणि समीरला मान झुकवून सलाम केला. नसरीन ओढणीत तोंड घालून हसत होती.

मदिना आली. डबा रिकामा झाला. झोया जागची हलेना.

"उतर, बेटा."

"घर नहीं आया."

"यहाँ से खाला की गाडी में जाना है. मम्मा के साथ."

"और आप?"

"मैं वापस जाऊँगा. ट्रेन आगे नहीं जाती ना."

"क्यों?"

"आगे पटरी नहीं है, बेटा. खलास."

झोयाने खिडकीतून पुढे पाहिलं. मग वरच्या वायरकडे पाहिलं. मग वळून बापाकडे.

"तो फिर आप रोज काम पे जाके करते क्या हो?"