साडूच्या वजनाची गाडी

गॅरेजवाले त्याला ओळंबा म्हणत. गवंड्याला भिंत बघायला ओळंबा सोडावा लागतो. याच्या डोळ्यातच तो होता. समोरून येणारी गाडी एका अंगाला बोटभर जरी बसलेली असली, तरी हा चालता चालता थांबायचा आणि म्हणायचा, "मागचा डावा गेलाय." कुणाच्या घरी गेला, तर आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचा, मग पाणी प्यायचा.

वडिलांचं ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचं दुकान होतं. तिथे हात काळे करून तो शिकला आणि पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, फक्त सस्पेन्शनचं. इंजिनाला त्याने कधी हात लावला नाही. "गाडी पळते कशी ते दुसरे बघतील," तो म्हणे, "उभी कशी राहते ते मी बघतो."

असा हा सरळ माणूस एका बाबतीत मात्र पार कलला होता. त्याला त्याचा साडू खपत नसे.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रंगांचा घाऊक व्यापारी, अंगाने दांडगा, मोकळं हसणारा. त्याने ओळंब्याचं कधी काही वाईट केलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट केलं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. दुखणं होतं ते बायकोच्या तोंडी. "भाऊजी कसे पटकन ठरवतात." "भाऊजींनी ताईला न सांगता पडदे आणले, आणि रंग काय निवडला!" भाऊजी खोकले तरी ते छान खोकले असं ऐकायला मिळेल, अशी ओळंब्याची खात्री होती. त्याच्या स्वतःच्या वाट्याला लग्नानंतर इतक्या वर्षांत जी दाद आली होती, ती "बरं झालंय" याच्या वर कधी गेली नव्हती. एकदा, फक्त एकदा, तिने भाऊजींसाठीच्या त्याच आवाजात आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. पण हे मागायचं कसं? मागून मिळालेलं कौतुक त्याला नको होतं.

आणि एके सकाळी साडूच दारात उभा राहिला. निळीशार नवी स्पोर्ट्स सेडान, आणि डिकीत एक भलं मोठं खोकं.

"काय साडूभाऊ! हे घ्या, कॉइलओव्हर आणलेत. गाडी जरा बसवायचीय. उंच दिसते, मास्तरीणबाईंसारखी."

"बसवू की," ओळंबा म्हणाला. "पण मग खड्ड्यात गेलात तर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

"अहो, खड्डे मी चुकवतो. मला फक्त तुमचा हात पाहिजे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

आतून बायको हात पुसत आली. "अय्या भाऊजी, रंग किती सुंदर!"

झालं. ओळंब्याने बॉनेट उघडलं, त्यात काही बघायचं नव्हतं तरी.

साडू चावी देऊन गेला आणि काम सुरू झालं. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच नळीवर. नळीला आटे, आट्यांवर रिंग. रिंग फिरवली की गाडी वर किंवा खाली. माथ्यावरचं बटण फिरवलं की चाल कडक किंवा मऊ. चाकं काढून जुने शॉक उतरवणं, नवे चढवणं हे ओळंब्याच्या हातचं रोजचं. आट्यांना हलकं ग्रीस लावलं, ब्रेकचा पाइप कुठे ताणला जात नाही ना ते पाहिलं. चाक धरणाऱ्या आर्मचे बोल्ट त्याने नुसते अडकवून ठेवले. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच ते आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळून बसतं. राग डोक्यात असला तरी हात आपलं काम विसरत नव्हते.

पण बसवणं म्हणजे अर्धंच काम. चारी चाकांखाली वजनाचे चार चपटे काटे ठेवायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर किती भार येतो ते बघत रिंगा फिरवायच्या. हे डुगडुगणाऱ्या टेबलासारखं असतं. एका कोपऱ्याला हात लावला की तिरका समोरचा कोपराही बदलतो. आणि हे रिकाम्या गाडीत करून चालत नाही. चालवणारा जागेवर बसलाय असं धरूनच भार जुळवावा लागतो. म्हणून या गॅरेजात वर्षानुवर्षांची एक पद्धत होती: बायको स्टीअरिंगमागे बसायची, आणि गिऱ्हाईक तिच्यापेक्षा जितकं जड, तितक्या वाळूच्या पिशव्या ओळंबा तिच्या मांडीवर आणि पायाशी रचायचा.

ती कायम कुरकुरायची. "माझा जन्म काय वजन व्हायला झालाय?" एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तर नाकाला पदर लावून बसली होती.

आज मात्र हाक मारायच्या आत ती गाडीत जाऊन बसली. दार मऊ आवाजात लागलं. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. आणि गुणगुणायला लागली.

ओळंबा पुढच्या चाकाशी वाकला होता. "काय गाणं सुचतंय आज?"

"बसायला किती छान आहे हो! पाठ अशी धरून ठेवते."

"तिन्ही त्रिकाळ मी पाठ मोडून घेतो, ती कोण धरतं?"

"तुम्हाला म्हटलं का मी काही?" ती खिडकीतून डोकावली. "ताई सांगत होती, सीटचा रंग भाऊजींनी तिला विचारून घेतला. एवढी मोठी गाडी, पण विचारलं."

"मी विचारत नाही?"

"विचारता ना. पाना कुठे ठेवलास म्हणून."

रिंग करकचून फिरली. "भाऊजींना पाना लागत नाही. त्यांना सगळं आयतं लागतं."

"बघा, आता यात भाऊजींनी काय केलं?"

काही केलं नव्हतं. तेच तर. ओळंबा एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे गेला, परत आला, वाकला, उठला. आतून गुणगुणणं चालूच. तो चिडला की त्याचा हात आणखी बारीक चाले. दुपार कलेपर्यंत चारी काट्यांवरचे भार असे जुळले, की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. रिंगा घट्ट केल्या, आर्मचे बोल्ट आवळले आणि बायकोला शेजारच्या सीटवर सरकवून तो स्वतः गाडी बाहेर घेऊन गेला.

गाडी चालली नाही, वाहिली. वळणावर अंग टाकलं नाही, ब्रेकवर नाक खुपसलं नाही. क्षणभर त्याला वाटलं, ही गाडी आपली, शेजारी बसलेली बायको आपली, आणि साडू नावाचं कुणी जगात नाही.

"मस्त आहे ना?" बायको म्हणाली.

"काय मस्त?"

"गाडी."

त्याने गाडी गॅरेजकडे वळवली.

संध्याकाळी साडू आणि ताई आले. साडू आत बसला, ताई शेजारी, आणि दोघं चौकापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले. ओळंबा दारात उभा राहिला. बायको त्याच्या बाजूला. गाडी नीट निघाली, गतिरोधकावर चढली, आणि उजव्या पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. परत येतानाही तोच.

ओळंब्याने नुसतं बघितलं आणि त्याला कळलं. गाडी उजवीकडे बसली होती. त्याची मान आपोआप भिंतीकडे वळली. वाळूच्या पिशव्या तिथेच होत्या, एकावर एक, सकाळपासून कुणी हातही न लावलेल्या. गाडी जुळली होती ती बायकोच्या वजनावर. तो स्वतः काटकुळा, तिच्याच मापाचा, म्हणून त्यालाही फरक जाणवला नव्हता. आणि साडू म्हणजे त्यांच्यासारखी दोन माणसं.

साडू उतरला तो ओशाळं हसतच. "साडूभाऊ, टायर आतल्या प्लास्टिकला घासतोय. तुमचा दोष नाही हं. मला वाटतं, त्या दुकानदाराने स्प्रिंग हलकी गळ्यात मारली. उद्याच जाऊन झापतो त्याला."

वाट मोकळी होती. हं म्हटलं की झालं. दुकानदाराचं तोंड कुणी पाहिलं होतं? ओळंबा हं म्हणणारच होता. पण बायकोनेही पिशव्या पाहिल्या होत्या.

"भाऊजी, चूक माझी," ती म्हणाली. "पिशव्या मांडीवर घ्यायच्या असतात, मीच विसरले. माफ करा."

ओळंब्याच्या अंगाची आग झाली. या माणसाचं कौतुक ऐकणं वेगळं. पण आपल्या बायकोने आपल्यापायी या माणसाची माफी मागायची?

"तिचा काही संबंध नाही!" तो ओरडलाच. "पिशव्या मी ठेवतो. मी विसरलो. स्प्रिंग चांगली आहे तुमची, दुकानदाराला झापू नका."

"तुम्ही? विसरलात?" साडू बघतच राहिला. "तुम्ही तर..."

"तुमच्यामुळे! ही आत बसून दिवसभर तुमचे गोडवे गात होती, आणि मी खाली रिंगा फिरवत होतो. माणसाने लक्ष द्यायचं कुठे?"

मग ताई जी हसत सुटली, ती टायरच्या चळतीवर बसलीच.

"यांचे गोडवे? अगं, आमच्या घरी ये की गायला! तिकडे फार टंचाई आहे."

साडूचा चेहरा त्याच्या गाडीपेक्षा वेगळ्या रंगाचा झाला. "मी काय केलंय पण?" तो म्हणाला.

"काही नाही," ओळंबा म्हणाला. "तुम्ही कधीच काही करत नाही. बसा आत. आणि हलू नका."

पुन्हा काटे लागले. आता साडू स्वतः स्टीअरिंगमागे, घाम पुसायचीही चोरी. हात वर केला की ओळंबा ओरडे, "हात खाली! आकडा हलतो." बायकोची जागा गेली होती, म्हणून ती काट्यांपाशी उकिडवी बसून एकेक आकडा त्याला सांगत होती. "पुढचा उजवा अजून जड." "आता?" "थोडा कमी." "आता?" "बास, बास." इतक्या वर्षांत ती गाडीच्या बाहेर, त्याच्या बाजूला बसून हे पहिल्यांदाच बघत होती. कपाळाला ग्रीस लागलं, तिला कळलंही नाही. ओळंब्याला कळलं, पण हात गुंतले होते.

मग साडू चौकापर्यंत एकटाच गेला आणि आला. गतिरोधकावर गाडी चढली, उतरली. चाकातून आवाज नाही.

ओळंबा आत काटे उचलत होता. बायको गाडीच्या खिडकीशी वाकली होती, आणि तिचा आवाज त्याच्यापर्यंत आला, तोच, भाऊजींसाठी राखून ठेवलेला आवाज. "भाऊजी, सांगून ठेवते. असं बसवून देणारा दुसरा माणूस शोधून दाखवा मला."

काटा त्याच्या हातात तसाच राहिला. हेच. नेमकं हेच. आणि बाईने ते सांगितलं कुणाला, तर साडूला!

गाडी गेली. त्याने शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि दोघं घराच्या वाटेला लागले. कोपऱ्यावर तो थांबला.

"मघाशी खिडकीशी काय म्हणालीस तू?"

"ऐकलंत की."

"नाही ऐकलं. गाडीच्या आवाजात कळलं नाही."

बायकोने त्याच्याकडे तिरकं बघितलं. कपाळावरचं ग्रीस अजून तसंच होतं.

"आवाज?" ती म्हणाली. "तो तर तुम्हीच बंद केलात."