अठ्ठेचाळीस चौकोनांतले माझे आठ

डोहाळजेवणात वैजयंतीताईंनी लोकरीचं दुपटं लेकीच्या मांडीवर पसरलं. सगळ्या बायका म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड!" मी शेवटच्या ओळीकडे बघत होते. माझे चौकोन तिथे नव्हते.

वैजयंतीताई धरून आम्ही सहाजणी. दर शनिवारी दुपारी तीनला क्रोशा घेऊन बसतो. डोंबिवलीत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. खोलीचा अर्ज माझ्या सहीने गेलेला. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, त्यामुळे गटाच्या याद्याही माझ्याकडेच. लोकर कोण आणणार, कुठला रंग, कुठला नंबर, चहाची पाळी कुणाची.

कुणाच्या घरी बाळ येणार असलं की आम्ही दुपटं करतो. प्रत्येकीची एक ओळ, ओळीत आठ चौकोन. सगळे चौकोन झाले की ते मी जोडते. हे काम कुणालाच आवडत नाही. मान दुखते, डोळे दुखतात आणि कौतुक होतं ते चौकोनांचं. हे दुपटंही मीच जोडून दिलं होतं. शेवटची ओळ माझी होती.

आता तिथे सुषमाची ओळ होती. सुषमा डावखुरी. उजव्या हाताने विणणारी चौकोन एका बाजूने फिरवते, डावखुरी उलट्या बाजूने. टाके उलटे कलतात. बघणाऱ्याला कळत नाही, विणणारीला लगेच कळतं. तिची ओळ तिसरी होती. आता तिसरीही तिची आणि शेवटचीही तिचीच. चौकोन बदलताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सुषमाच्याही नाही.

वैजयंतीताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. माजिवड्याच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर त्यांचं घर. ओट्याखालच्या खणातून त्यांनी एक कॅरीबॅग काढली. आत माझे आठ चौकोन.

"रागावू नकोस हं. आमच्या विहीणबाई फार कडक आहेत. बाळाचं पहिलं दुपटं, त्यांच्याकडे फार बघतात. तुला कळतं ना सगळं? तू समजूतदार आहेस."

मग म्हणाल्या, "वाया नको जायला. तुला कशालाही होतील."

आम्ही बौद्ध आहोत. हे गटात मीच सांगितलं होतं. वटपौर्णिमेच्या दिवशी एकीने विचारलं, तुझा उपवास नाही? मी म्हटलं, आम्ही बौद्ध. मग चहा आला. मला वाटलं, विषय संपला.

कॅरीबॅग हातात घेऊन मी काय म्हणाले असेन?

"हो, ताई."

एवढंच. शिवाय बाहेर येऊन जेवले. फोटोत उभी राहिले. त्या फोटोत मी हसते आहे. तो फोटो अजून ग्रुपवर आहे.

सुषमा माझी सगळ्यांत जवळची. दोघी कोपरच्या, एकाच गल्लीतल्या. परतताना रिक्षात मी विचारलं, "कधी केलेस?"

"काय?"

"आठ चौकोन."

ती बाहेर बघायला लागली. "अगं, ताईंचा फोन आला. नाही कसं म्हणायचं? आणि मी केले ते तुझ्यासाठीच. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता."

"म्हणजे माझ्यावर उपकार केलेस?"

"तू ना, उगाच वाढवतेस."



पुढच्या शनिवारी मी गेले. त्याच्या पुढच्याही. का गेले, हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. सहा वर्षं हीच माझी माणसं. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा याच पाचजणींनी पंधरा दिवस डबे दिले. कुणी कुठल्या दिवशी द्यायचा, ती यादीही मीच दवाखान्यातल्या खाटेवरून केली होती. सुषमा म्हणाली होती, "बाई, भूल उतरू दे आधी." किती हसलो होतो. आई गेली तेव्हा सुषमा आठ दिवस माझ्याकडे झोपायला होती.

हे सगळं खरं आहे. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. एका तोंडाने यांना वाईट म्हणून मोकळी झाले असते. ते जमेना. सोडवेना आणि बसवेना. सुई हातात धरायची, आणि पहिली साखळी घालतानाच वाटायचं, हेही उसवतील. महिनाभर एक चौकोन पुरा झाला नाही. घरी नवरा म्हणाला, "नको जाऊस मग." सोडलं तर शनिवारी दुपारी मी कुठे जाणार होते?

ताईंना नात झाली. पेढे वाटले. मग गटातल्या दुसऱ्या एकीची सून गरोदर असल्याची बातमी आली. मी वही उघडली. सहा नावं लिहायला घेतली.

वैजयंतीताई म्हणाल्या, "या वेळी तू चौकोन नको करूस. आम्ही पाचजणी करतो. तू जोडणीच बघ. तुझ्यासारखी जोडणी कुणाला जमते?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कौतुक केल्यासारख्या. सुषमा लोकरीचा गुंता सोडवत राहिली.

त्या क्षणी मला दिसलं ते आधी दिसायला हवं होतं. अठ्ठेचाळीस चौकोनांच्या दुपट्यात ब्याऐंशी ठिकाणी जोड असतो. माझी ओळ बदलताना पंधरा जोड सुषमाने नव्याने घातले. उरलेले सदुसष्ट माझेच. ते कुणी काढले नाहीत, कारण ते पुन्हा घालायचे कष्ट कुणाला नको होते. माझे चौकोन बाटवतात. माझी मजुरी बाटवत नाही.

मी म्हटलं, "ताई, माझे चौकोन काढलेत. जोडणी का नाही काढलीत?"

"कसली?"

"त्या दुपट्याची. सदुसष्ट जोड माझे आहेत. तुमची नात आज माझ्याच धाग्याखाली झोपते. तो चालतो?"

"अगं, किती दिवस मनात धरून ठेवशील! आम्ही कधी वेगळं मानलं का तुला?"

"मानलंत. आठ वेळा."

"पुरे ना आता," सुषमा म्हणाली.

"सुषमा, तू थांब. तुला मी वेगळं विचारणार आहे."

वैजयंतीताईंनी सुई खाली ठेवली. "मग काय म्हणणं आहे तुझं? गट सोडायचाय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उठायची वाट बघत होत्या. हे वाट बघणं मी ओळखते. पंगतीत पाहिलंय, भाड्याचं घर शोधताना पाहिलंय, ऑफिसात डबा उघडताना पाहिलंय. ऊठ असं कुणी म्हणत नाही. सगळे गप्प होतात, आणि उठतो आपणच. वर म्हणायला मोकळे, तीच गेली.

मी उठले नाही. वहीत सहावं नाव माझं लिहिलं, पुढे आठ चौकोन. जोडणीसमोर लिहिलं, प्रत्येकीने आपापली ओळ, पाळीने. मग लोकर घेतली आणि विणायला लागले. टाके वेडेवाकडे आले. उसवले नाहीत.

मला आधी का नाही सांगितलंस, याचं सुषमा अजून उत्तर देत नाही. वाचनालयाच्या जिन्यात भेटली की मान खाली घालते. मला तिची आठवण येते, रोज येते. तरी मी विचारणं सोडणार नाही.

या शनिवारी मी जाणार आहे. पुढच्याही. तीनच्या ठोक्याला. दुसऱ्यांचे चौकोन जोडून देणार नाही, माझे कुणाला उसवू देणार नाही. जिला माझ्या शेजारी बसणं जड जातं तिने उठावं. आणि उठताना का उठते, ते सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगावं.