जानरावकाकांचे कान

गाडी दाखवायला बोलावलं, की जानरावकाका आधी तिच्याकडे पाठ करून बसत. बॉनेट उघडायचं नाही, वाकून बघायचं नाही. ओट्याच्या पायरीवर टेकायचं, तोंड रस्त्याकडे, आणि म्हणायचं, "करा चालू." मग मान जराशी खाली घालून ऐकत राहायचं. समोरून जाणाऱ्यानं राम राम घातला तरी हात वर करून त्याला गप्प करायचे. "इंजिन पाहाची चीज नाही सर, आयकाची हाये. पाहून कोनाले समजलं आजवर?"

आसेगावात मी हायस्कूलला गणित शिकवतो. बायको आणि मुलं शिक्षणाच्या निमित्तानं अमरावतीला राहतात. निमित्त म्हणालो, तेवढंच पुरे. काका माझ्यापासून तिसऱ्या घरात. बसच्या वर्कशॉपात उभं आयुष्य नोकरी करून निवृत्त झालेले, काकू जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती मुलगी वनिता लग्न होऊन पुण्यात. तिला दहावीला मीच गणित शिकवलं. गावातला ट्रॅक्टर बिघडो की स्प्रे पंप, लोक काकांना बोलावत, आणि ते कुणाच्याही अंगणात दिवसभर रमत. दुपारची भाकर तिथेच व्हायची. मला वाटतं, ते काम भाकरीसाठी करत नव्हते. भाकर खाताना समोर माणूस असावा म्हणून करत होते. हे मला तेव्हाही कळत होतं, कारण मी स्वतः मोबाईल समोर ठेवून जेवत होतो.

माझी चारचाकी जुनी. एका मे महिन्यात मंगरुळपीरहून येताना तिचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, आणि घर जवळ आलंय म्हणून मी ती तशीच दामटली. अंगणात आली तेव्हा मागून पांढरा धूर निघत होता. काका येऊन पाठ करून बसले. मिनिटभर ऐकलं.

"पानी पिऊन राह्यली हे," ते म्हणाले. मग उठून ऑईलची कांडी ओढली. ऑईल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "गॅस्केट गेलं. हेड खोला लागते."

"गॅरेजला नेऊ का?"

"कायले? लिंबाची सावली हाये, मी हाओ, तुमाले सुट्टी हाये. अजून काय लागते?"

गॅस्केट म्हणजे इंजिनाचं धड आणि डोकं, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणारा पातळ पत्रा. आग, पाणी आणि ऑईल या तिघांची गाठ पडू न देणं एवढंच त्याचं काम. ते जळलं की सगळं एकमेकांत मिसळतं. पत्रा हातभर, पण तो बदलायला अर्धं इंजिन उकलावं लागतं.

आम्ही ते सहा दिवस उकललं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मागून काकांनी त्याला दहा भोकं पाडली आणि हेडचा एकेक बोल्ट काढून त्याच्या त्याच्या भोकात खोचला. "ज्याची जागा त्याले. अदलाबदल केली का रुसते." हेड गोणपाटात गुंडाळून आम्ही बसनं वाशीमला नेलं, मशीनवर सपाट करून आणलं. जाताना-येताना ते त्यांनी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "खाली ठेवा ना बुवा." काका म्हणाले, "तुमच्या पोराले ठेवसान का खाली?" त्या सहा दिवसांत दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करत होतो. पिठलं जमलं नाही, तर काका म्हणत, "सर, हे बी उकलून पुन्हा बांधा लागते."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितोय ती सांगतो. आसेगावातल्या लोकांनीही हे वाचावं, अशी इच्छा आहे.

हेड पुन्हा बसवताना दहा बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, आणि तीन फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला थोडा जास्त जोर. "गोधडीवर हात फिरवता का नाही, मधून कडेकडं? कडेपासून फिरवला तं मधात चुनी पडते." त्यासाठीचा पाना वेगळा असतो. ठरवलेला जोर लागला, की त्यातून 'कट्' असा बारीक आवाज येतो आणि हात थांबवायचा. काकांना मोतीबिंदू होता. हेडच्या खळग्यातले काळे बोल्ट त्यांना सावलीत दिसत नव्हते. म्हणून त्यांनी वाटणी केली. "डोयाचं काम तुमी करा, कानाचं मी करतो." मी बोटानं बोल्ट दाखवायचा, कट् वाजला की आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि बोल्टच्या डोक्यावर खडूची खूण करायची. खडू माझ्याच खिशातला. "गनिताचे मास्तर हा," ते हसले, "दहापर्यंत तं येत असन."

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत आठवा बोल्ट झाला आणि माझा फोन वाजला. अमरावतीहून होता, नऊ दिवसांनी आलेला. मी हातातला खडू तसाच घेऊन आत गेलो. काय बोलणं झालं ते राहू द्या. बाहेर आलो तेव्हा मला अंगण दिसत होतं, पण मी अंगणात नव्हतो. काका खांदा चोळत पाना धरून उभे होते.

"किती झाले, सर?"

"दहा."

"मले तं आठ वाटत होते."

"नाही काका, दहा."

म्हणता म्हणता मी वाकून पाहिलं. मागच्या दोन बोल्टांवर तिसऱ्या फेरीची खूण नव्हती. तेव्हाच "थांबा, चुकलो" म्हणायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी गणिताचा मास्तर, दोनदा दहा म्हणून बसलेला, आणि डोक्यात तो फोन. मी त्या दोघांवरही खडू फिरवला. काकांनी हात पुसले. "तुमी म्हनता तं दहा," ते म्हणाले आणि पाना फडक्यात गुंडाळला.

गाडी छान चालली. काका पाठ करून बसले, ऐकलं आणि म्हणाले, "आता बोलून राह्यली नीट."

शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात, आमचे खडसे सर शेजारी बसलेले असताना, गाडी वाशीमच्या रस्त्यावर पुन्हा उकळली. ओढत शहरातल्या एका गॅरेजला नेली. मिस्त्रीनं वरचं झाकण काढलं, पाना लावला आणि म्हणाला, "हे मागचे दोन कच्चेच हायेत. कोनं बांधलं होतं?"

खडसे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमच्या गावातले जानराव."

वाक्य खोटं नव्हतं. एवढी वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला बसलोय.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते माझ्याआधी पोचलं होतं. जानरावचा हात गेला. कुणी वाईटपणानं म्हणत नव्हतं. वय झालं बिचाऱ्याचं, अशा सुरात म्हणत होते, आणि म्हणून ते चिकटलं. पेरणीच्या तोंडावर ज्या ट्रॅक्टरचं काम दरवर्षी त्यांच्याकडे यायचं, तो त्यांच्या दारावरून दुसरीकडे गेला. काका ओट्यावर बसलेले होते. त्यांनी आवाज ऐकला असणार.

ते माझ्याकडे आले ते चार दिवसांनी. चहा घेतला नाही.

"कोनते दोन, सर?"

"मागचे."

त्यांची बोटं हवेत मधून बाहेर फिरली. "नऊ अन् दहा. खडू होता त्याईवर?"

"होता."

"मंग पाना लागला होता. कट् वाजल्याबिगरच सोडला असन मी. आयकू आलं असं वाटलं असन. कान गेले, सर."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, काका." मी त्यांची समजूत घातली. त्या एका वाक्याची मला जितकी लाज वाटते, तितकी खडूचीही वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या इंजिनाला हात लावला नाही. कुणी चुकून बोलावलंच तर म्हणत, "नाही बाप्पा, मले आयकू येत नाही." दिवाळीनंतर वनिता येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना ते माझ्या गाडीजवळ थांबले, बॉनेटवर हात ठेवला आणि निघाले.

पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा. "गाडीपाशी हा का? लावा बरं." मी गाडी चालू करून फोन बॉनेटखाली धरायचो. पलीकडे ते ऐकत. मला ते दिसायचे, तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्या तरी गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून. एकदा म्हणाले, "बारीक टकटक येऊन राह्यली. टॅपेट सैल असन." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी दाखवून आणली, तर टॅपेटच होतं. मी उत्साहानं फोन केला, "काका, तुम्ही बरोबर होता."

त्यांनी विचारलं, "खरं सांगता का मन राखता?"

सांगून टाकायचा तो दिवस होता. तोही मी जाऊ दिला. म्हणालो, "खरं सांगतो काका," आणि त्याच्या पुढचं खरं सांगितलं नाही.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. मला दोन दिवसांनी कळलं. वनिताला फोन करायला मी महिना लावला. ती जुन्या सवयीनं "सर, नमस्कार" म्हणाली आणि मग काकांबद्दल बोलत राहिली. शेवटी जेवण कमी झालं होतं, दुपारी दार लोटून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. "अन् कानाचं एक घेऊन बसले होते, सर. दोन डॉक्टरांकडे तपासले. दोघंही म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. बाबा म्हणायचे, डॉक्टरले काय समजते, माह्या हातानं दोन बोल्ट कच्चे राह्यले."

मी अंगणात उभा होतो. दहा भोकांचा तो पुठ्ठा अजून माझ्या पडवीत खिळ्याला टांगलेला आहे. मी तिला सांगितलं. फोन आला ते, आठ झाले होते ते, खडूचं, गॅरेजातल्या वाक्याचं, सगळं. मध्ये ती एकदाही बोलली नाही. शाळेत उदाहरण समजेपर्यंत ती अशीच गप्प राहायची.

"बाबांनी तुम्हाला विचारलं होतं, किती झाले म्हणून?"

"हो."

"अन् त्यांना आठ वाटले होते."

"आठच होते, वनिता."

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. ती गॅलरीत असावी.

"मंग कान चांगले होते बाबाचे," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.