सूचीत न सापडलेले आजोबा

२००४ साली शिकागोत शिकत असताना मी आमच्या प्राध्यापक बाईंच्या पुस्तकाची नामसूची करत होते. पुस्तक चीनवर कधीकाळी राज्य केलेल्या मांचू लोकांच्या घराण्यांवरचं. नागपूरला शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव लिहिलेलं. त्यामुळे यात विचारायचं काय, असं मला वाटलं. प्रत्येकाचं कुळनाव शोधून पुढे आणलं आणि सगळी यादी कुळांप्रमाणे लावून टाकली. स्वतःवर जाम खूश होते.

मग एक दिवस ग्रंथालयात एक वृद्ध मांचू गृहस्थ आले. बाईंनीच त्यांना कच्ची सूची बघायला बोलावलं होतं. आपल्या आजोबांचं नाव त्यांना ठाऊक होतं, ते ज्या छावणीत अधिकारी होते ते गावही. त्यांनी ते नाव शोधलं, पुन्हा शोधलं, चष्मा काढला.

"म्हणजे माझे आजोबा यात नाहीत," ते म्हणाले आणि आभार मानून निघून गेले.

आजोबा होते. कुळनावाखाली, तिसऱ्या पानावर. मी पुरती ओशाळले. मांचू माणसाला कुळ असे, पण त्याला हाक मारताना किंवा त्याच्याबद्दल लिहिताना नुसतं त्याचं नाव घ्यायची रीत, हे बाईंनी तेव्हा सांगितलं. पुढे कित्येक घरांनी कुळनाव तोडून छोटी चिनी आडनावं घेतली. पण सूची सोमवारी छापायला जायची होती. राहू दे आता, असं दमलेल्या बाई म्हणाल्या.

माझी पुण्याची रूममेटही तेच म्हणाली. "सबमिट कर ना यार, इंडेक्स कोण वाचतं?"

"ज्याला आपला माणूस शोधायचाय, तो वाचतो."

शनिवार-रविवारचं डेव्हनच्या देशी बाजारात जाणं कॅन्सल केलं आणि सूची मुळापासून पुन्हा लावली. प्रत्येकजण त्याच्या स्वतःच्या नावाखाली. कुळनाव त्यामागे, वेगळं आणि पूर्ण. चिनी पद्धतीचं तोडकं रूप नाही. एकालाही मी सोडणार नव्हते.

पुस्तक आल्यावर मीच त्या वृद्ध गृहस्थांना फोन केला. ते आले, सूचीवरून बोट फिरवत आजोबांच्या नावावर थांबले. मग शेजारचा लांबलचक शब्द कसला, म्हणून विचारलं. ते तुमचं कुळ, मी सांगितलं. गुवालगिया.

घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं, म्हणाले. बाहेर पायऱ्यांवर जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरून तिला एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागले.